रात्रीची ओली गादी आणि दिवसाचं काम

मूल झोपेत शू करतं म्हटलं की घरातला सगळा बंदोबस्त रात्रीचा असतो. सात वाजल्यापासून पाणी बंद, बारा वाजता उचलून मोरीत उभं करायचं, पहाटे चारला पुन्हा गजर. आईबाबा पेंगुळतात, मूल चिडचिडं होतं आणि गादी ओली ती ओलीच. या धावपळीत, जिथे खरोखर हात घालता येतो ती जागा सुटून जाते. शाळेतून भरलेली परत आलेली पाण्याची बाटली, घरी येईपर्यंत दाबून धरलेली लघवी आणि तीन-तीन दिवस न झालेली शी. काही मुलांच्या रात्री एवढं सुधारल्यावरच कोरड्या होऊ लागतात. उरलेल्यांना अलार्म (चड्डी ओली होताच वाजणारी डबी) किंवा गोळी लागली तरी ती या पायावरच नीट लागू पडते. म्हणून या लेखात आपण सकाळपासून सुरुवात करणार आहोत, अंथरुणापर्यंत जरा उशिरा पोचू.

आधी वय बघा

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला रात्री शू होणं हा आजार धरत नाहीत आणि त्यावर उपचारही करत नाहीत. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलांचं अंथरूण ओलं होतं, म्हणजे चाळीस जणांच्या वर्गात सहा मुलं. दहाव्या वर्षी हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास येतं आणि मोठेपणी जेमतेम एक टक्का उरतं. ज्यांना त्रास आहे त्यांच्यातली सुमारे १५ टक्के मुलं दर वर्षी काहीही न करता आपोआप कोरडी होतात. मुलग्यांत हे मुलींपेक्षा जास्त दिसतं. आईबाबांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो असण्याची शक्यता ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्के. घरातल्या आजीला एकदा सहज विचारून बघा. बाबांच्या गोधड्या किती वर्षांपर्यंत रोज वाळत पडायच्या, हे तिला बरोबर आठवत असतं.

पाच ते सात या वयात खाली दिलेलं दिवसाचं काम पुरतं. सातच्या पुढे, किंवा मूल स्वतःच कानकोंडं होऊ लागलं, मामाकडे राहायला नको म्हणू लागलं, तर अलार्म किंवा औषधाचा विचार करायचा.

होतं काय?

तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, रात्री लघवी जास्त तयार होते. झोपेत मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं आणि मूत्रपिंड लघवी दाट व कमी करतं; काही मुलांत हे उशिरा जुळून येतं. दुसरी, लघवीची पिशवी लहान असते किंवा पुरती भरायच्या आतच आकसते. तिसरी, पिशवी भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचून जाग येत नाही. तिसरी गोष्ट जवळपास प्रत्येक मुलात असते. पहिल्या दोन्हींतली कुठली जास्त आहे त्यावर उपाय ठरतो. यात आळस, हट्ट, मुद्दाम करणं कुठेच बसत नाही. झोपलेल्या मुलाला शिक्षा करून त्याचं मूत्राशय सुधारत नाही. ते भिऊन ओली चड्डी कपाटामागे लपवायला मात्र शिकतं, आणि मग महिन्याभराने वास आल्यावर ती सापडते.

डॉक्टरकडे कधी जायचं, आणि त्याच दिवशी कधी

एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. साखर आणि जंतुसंसर्ग दोन्ही त्यात कळतात. निव्वळ रात्री शू होते, बाकी सगळं ठीक, अशा मुलाला सोनोग्राफीची आणि रक्ततपासण्यांच्या यादीची सहसा गरज नसते.

पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती काम बाजूला ठेवा. मूल सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं होतं आणि आता पुन्हा सुरू झालं. लघवी करताना दुखतं, जळजळ होते, ताप येतो, लघवीत रक्त दिसतं. मुलग्याची धार बारीक आहे, जोर लावावा लागतो. मुलीची चड्डी दिवसभर थेंबथेंब ओली राहते, शू करून आल्यावरसुद्धा. कमरेच्या खाली, मणक्यावर खळगा, केसांचा पुंजका किंवा गाठ आहे. चालताना पाय ओढतो. रोज रात्री मोठ्याने घोरतं, मध्येच श्वास अडकतो. नाकामागची अडिनॉइड ग्रंथी वाढून झोपेत श्वास अडत असेल तर त्यावर उपचार झाल्यावर अंथरूण ओलं होणं कमी होताना दिसतं.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, सारखी लघवीला जातंय, वजन उतरलंय, थकलेलं दिसतंय, आणि त्यातच अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं, तर बोटातून रक्तातली साखर लगेच तपासा. मोरीत लघवीला मुंग्या लागतात हे जुन्या लोकांचं निरीक्षण इथे खरंच कामाचं आहे. लहान मुलांचा मधुमेह काही दिवसांत जिवावर बेततो, सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नये.

कोरड्या मुलाचं पुन्हा ओलं होणं कधी कधी मनाच्या ताणामुळेही असतं: घरात नवं बाळ, घर किंवा शाळा बदलणं, घरातली भांडणं, शाळेत किंवा गाडीत कुणी त्रास देणं. हे शांतपणे, एकट्याला घेऊन विचारावं. चारचौघांत विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही.

आठवडाभराची नोंद

ही पायरी लोक हमखास टाळतात, आणि नेमक्या इथेच अर्धं उत्तर असतं. लागतं काय? वही, मिलिलीटरच्या खुणा असलेलं प्लॅस्टिकचं मापपात्र (हे कायमचं न्हाणीघरात गेलं असं समजा) आणि जमलं तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.

शनिवार-रविवार असे सुट्टीचे दोन दिवस मुलाने काय प्यायलं, किती, किती वाजता, हे लिहा. प्रत्येक वेळची शू मापात करायला लावून आकडा लिहा. सात रात्री नोंद करा: कोरडी की ओली, एकदा की अनेकदा, झोपल्यावर किती वेळाने. या आठवड्यापुरता रात्री डायपर लावला तर कोरडा डायपर आणि सकाळचा डायपर दोन्ही काट्यावर ठेवा. एक ग्रॅम वाढलं म्हणजे साधारण एक मिली लघवी. सकाळी उठल्यावरची पहिली शू त्यात मिळवायची. दोन्ही मिळून रात्रीची एकूण लघवी.

आता गणित. मुलाच्या पिशवीत साधारण किती मावायला हवं? वयात एक मिळवा, त्याला तीसने गुणा. हे चार ते बारा वर्षांपर्यंत चालतं. सहा वर्षांच्या मुलासाठी ७ गुणिले ३०, म्हणजे २१० मिली.

समजा कोरडा डायपर ३० ग्रॅम भरला, सकाळी १९० ग्रॅम. डायपरमध्ये १६० मिली झाली. सकाळची पहिली शू १२० मिली. रात्रीची एकूण २८०. अपेक्षित आकड्याच्या १३० टक्क्यांच्या वर गेलं, म्हणजे इथे २७३ च्या पुढे, तर रात्री लघवी जास्त बनते असं धरतात. हे मूल त्या गटात आहे. उलट दिवसभरातली सर्वांत मोठी शू (सकाळची पहिली सोडून) ६५ टक्क्यांच्या खाली राहत असेल, म्हणजे १३५ मिलीच्या आसपासही पोचत नसेल, तर पिशवी लहान पडते आहे. दोन्हीही असू शकतं.

काटा नसेल, डायपर परवडत नसेल, तरी अंदाज येतो. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत एकदाच, गादीपर्यंत पाझरणारं मोठं तळं झालं तर लघवी जास्त बनते. रात्रीतून दोनतीनदा, कमीजास्त आकाराचे डाग, आणि दिवसाही धावत न्हाणीकडे पळणं असेल तर पिशवी चंचल आहे. ही वही डॉक्टरकडे नेली तर तपासणीचा निम्मा वेळ वाचतो.

पाणी: कमी करायचं नाही, पुढे सरकवायचं

संध्याकाळी पाणी तोडणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात अर्धवट उपाय. शाळेत मूल पाणी पीत नाही, कारण तिथलं स्वच्छतागृह घाण असतं किंवा तासाला सोडत नाहीत. घरी येतं ते तहानेने व्याकूळ होऊन, आणि साडेपाच ते नऊ या वेळात दिवसभराचं सगळं पाणी पितं. ते तोडलं तर मूल तहानेलं राहतं, लघवी दाट होते, पिशवीला टोचते आणि शी कडक होते. म्हणजे दोन नव्या भानगडी.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला एकूण १००० ते १४०० मिली द्रव लागतं. पाणी, दूध, ताक सगळं धरून. उन्हाळ्यात, खेळून आल्यावर त्याहून जास्त. याची वाटणी अशी: ४० टक्के दुपारी बारापर्यंत, ४० टक्के बारा ते पाच, उरलेलं २० टक्के पाचनंतर. १२०० मिलीचा हिशेब धरला तर उठल्यावर एक पेला, डबा खाताना आणि मधल्या सुट्टीत मिळून ३०० मिली, दुपारी घरी आल्यावर हळूहळू ४५० ते ५०० मिली, आणि संध्याकाळनंतर फक्त मोठा पेलाभर, तोही झोपण्याच्या तासभर आधी संपवलेला. शाळेच्या वाट्याचं पाणी भरलेली बाटली रिकामी घरी आली पाहिजे. वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी द्या: ‘मुलाला पाणी प्यायला आणि तास चालू असताना लघवीला जाऊ द्यावं, डॉक्टरांचा सल्ला आहे.’ कारण लिहायची गरज नाही.

पाचनंतरच्या वाटणीत लपून येणाऱ्या गोष्टीही मोजा. रात्रीच्या जेवणातलं ताक, वाटीभर सार किंवा कढी, आठ वाजता कापलेलं कलिंगड, आणि झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं पेलाभर दूध. दूध बंद करायचं नाही, चार वाजता द्यायचं. चहा लहान मुलांना नकोच, बशीतलासुद्धा. कोला आणि चॉकलेटही त्याच रांगेत. जेवणात पापड, लोणचं, त्याआधी टीव्हीसमोर फरसाण असं झालं तर मूल पाणी मागणारच. मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडालाही पाणी लागतं. खारट पदार्थ हवेच असतील तर दुपारी. जेवण साडेसात-आठला, झोप दहाला, मध्ये दोन तास. नऊ वाजता जेवून सव्वानऊला झोपणाऱ्या घरात बाकी सगळं नीट करूनही अंथरूण ओलं होत राहतं.

शू: इच्छा झाली की नव्हे, वेळ झाली की

दिवसातून चार ते सात वेळा लघवी व्हायला हवी. उठल्यावर, शाळेला निघताना, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, खेळायला जाण्याआधी, जेवणाआधी, झोपताना. ‘शू आली का?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. ‘चल, शूची वेळ झाली’ म्हणा.

पाय आवळून उभं राहणं, एका पायावरून दुसऱ्यावर नाचणं, टाचेवर बसून खाली दाब देणं, ही दाबून धरल्याची चिन्हं आहेत. दिवसाची चड्डीही ओली होत असेल तर रात्रीचं सगळं थांबवा, आधी दिवस कोरडा करा. तो झाल्याशिवाय रात्र हाती लागत नाही.

बसायची पद्धतही बघा. भारतीय शौचकूपावर उकिडवं बसणं उत्तम. कमोड असेल तर मुलाचे पाय लोंबकळता कामा नयेत. पायाखाली पाट किंवा स्टूल, आणि वर लहान मुलांची सीट. लोंबकळत्या पायांनी कंबरेखालचे स्नायू सैल सुटत नाहीत आणि पिशवी अर्धी भरलेलीच राहते. मुलीची चड्डी गुडघ्याच्या खाली सरकवा, मांड्या मोकळ्या हव्यात. झोपण्यापूर्वी दोनदा: एकदा दात घासण्याआधी, आणि गोष्ट वगैरे झाल्यावर अगदी पाठ टेकण्याआधी.

शी

गुदाशयात कडक मळ साठला की तो शेजारच्या पिशवीवर दाब देतो. पिशवी कमी भरते, लवकर आकसते. गंमत अशी की रोज शी होणाऱ्या मुलालाही बद्धकोष्ठता असू शकते, कारण रोज थोडीशीच होते आणि मागे साठा तसाच. ओळखायचं कसं? गोट्यांसारखी कडक शी, किंवा तडे गेलेली जाड कांडी. चड्डीला डाग. शी करताना रडणं, कोपऱ्यात जाऊन उभं राहणं. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा.

आहारात भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, पपई, रात्री भिजवलेल्या आठ-दहा मनुका वाढवा. बिस्किटं, खारी, पाव आणि मैद्याचं पाकीटबंद खाणं घटवा. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध जात असेल तर ते कमी करा, पोट दुधाने भरलं की भाकरी-भाजी जात नाही. नाश्ता आणि रात्रीचं जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा. जेवणानंतर आतडं आपणहून हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. साठा जुना असेल तर मनुकांनी हलत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेलं शी मऊ करणारं औषध, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकोलची पावडर किंवा लॅक्ट्युलोज काही आठवडे, कधी काही महिने लागतं. पोट एकदा साफ झालं की लोक औषध बंद करतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच येतात. एरंडेलाचा मारा करू नका.

अंथरूण कसं घालायचं

कापसाच्या गादीत एकदा लघवी मुरली की पावसाळ्यात ती चार दिवस वाळत नाही. म्हणून गादीला संरक्षण आधी, बाकी मग. एकावर एक दोन अंथरुणं घाला:

१. गादीला पूर्ण गुंडाळणारी जलरोधक खोळ. नसेल तर जाड मेणकापड, कडा गादीखाली खोचून.
२. त्यावर चादर, आणि तिच्यावर जुन्या धोतराची किंवा सुती साडीची चारपदरी घडी, मुलाच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.
३. त्यावर रबरी शीट, तेवढ्याच लांबीचं.
४. पुन्हा चादर आणि सुती घडी.

रात्री ओलं झालं की वरची चादर, घडी आणि रबरी शीट एकत्र गुंडाळून बादलीत टाकायची. खाली कोरडं अंथरूण तयारच. दिवा मोठा न लावता, दोन मिनिटांत काम होतं आणि घर जागं होत नाही. उशाशी कोरडी चड्डी आणि शर्ट. जमिनीवर झोपत असाल तर सतरंजीवर हेच थर लावा. पांघरायला जाड गोधडी देऊ नका. धुतल्यावर ती वाळत नाही. दोन पातळ चादरी द्या.

थंडीत आणि पावसात ओल्या रात्री वाढतात, कारण घाम कमी आणि लघवी जास्त. त्या दिवसांत नोंदवही बिघडलेली दिसली तर उपाय फसला असं लगेच ठरवू नका.

धुण्याचं: ओले कपडे आधी साध्या गार पाण्यात खळबळून घ्या, मग साबण. वास राहिला तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. गादी ओली झालीच तर चोळू नका, कोरड्या कापडाने दाबून ओल टिपा, एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी शिंपडून पुन्हा टिपा, वर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा, झाडून ऊन दाखवा. पावसाळ्यात गादी भिंतीला उभी करून पंखा लावा. लघवीवर किंवा व्हिनेगरवर क्लोरीनचं ब्लीच कधीही ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो. रबरी शीट सावलीत वाळवा, उन्हात ते तडकतं.

मुलाची त्वचा सकाळी साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा, लाल झाली असेल तर पेट्रोलियम जेली. पावडरीची गरज नाही.

आणि वाट मोकळी ठेवा. मच्छरदाणी चारी बाजूंनी घट्ट खोचलेली असेल तर जाग आलेलं मूलही अडकतं. संडास अंगणापलीकडे असेल तर सात वर्षांचं मूल काळोखात जाणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मोरीत छोटा दिवा लावा किंवा खोलीच्या कोपऱ्यात झाकणाचं भांडं ठेवा.

मध्यरात्री उचलून नेण्याबद्दल: त्याने त्या रात्रीची गादी वाचते, मूल शिकत काहीच नाही. झोपेतच शू करवून परत निजवलं तर आपण त्याला झोपेत शू करायलाच शिकवतो. पाहुण्यांकडे, लग्नघरी, रात्रीच्या प्रवासात एखाद्या दिवशी जरूर करा. रोजचा उपाय म्हणून नाही.

अलार्म

दिवसाचं काम चार-सहा आठवडे करूनही रात्री ओल्या असतील, मूल सात वर्षांच्या आसपास आणि तयार असेल, तर हा सगळ्यात टिकाऊ उपाय. चड्डीत किंवा चड्डीला लावायचा एक संवेदक, शर्टाच्या खांद्याला अडकवायची डबी. पहिला थेंब लागला की डबी वाजते. नीट वापरला तर साधारण तीनपैकी दोन मुलं कोरडी होतात. पण दोन ते चार महिने लागतात, आणि पहिले तीन आठवडे मुलापेक्षा पालकांच्या कसोटीचे असतात.

सुरुवातीच्या दिवशी संध्याकाळी उजेडात सराव करा. मुलाला अंथरुणावर डोळे मिटून झोपवा, संवेदकाला ओलं बोट लावून डबी वाजवा. त्याने उठायचं, उभं राहायचं, स्वतः डबी बंद करायची, चालत न्हाणीत जायचं. चार-पाचदा. मुलांना हा खेळ वाटतो, वाटू द्या.

रात्री चड्डी घट्ट बसणारी, सुती हवी. ढगळ असली तर संवेदक त्वचेपासून लांब राहतो आणि डबी उशिरा वाजते. वाजल्यावर पहिले काही दिवस मूल हलतही नाही. घरातले सगळे उठतात, शेजारचे उठतात, तो मात्र ढाराढूर. हे अपेक्षित आहे. पालकाने लगेच जाऊन त्याला बसवायचं, तोंडावर ओला हात फिरवायचा, ‘डबी बंद कर’ म्हणायचं. डबी पालकाने बंद केली की सगळा धडा वाया गेला. मग न्हाणीत नेऊन उरलेली शू, दोन थेंब का असेना. चड्डी बदलून, संवेदक पुसून, पुन्हा लावायचा. वेळ वहीत लिहायची, कोरड्या किंवा ओल्या रात्रीबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

फसतं कुठे? मे महिन्यात घामाने डबी वाजते. पंखा वाढवा, पातळ चड्डीवर संवेदक लावून वर दुसरी चड्डी घाला. एकाच खोलीत सहा माणसं झोपत असतील तर कंपनाचा पर्याय असलेला अलार्म घ्या, मात्र सुरुवातीला आवाज आणि कंपन दोन्ही चालू ठेवा. घरात लग्न, परीक्षा, बाळंतपण असेल तर सुरूच करू नका. आठवड्यातून चार रात्री लावून काही होत नाही, सातही रात्री लागतात. डायपरवर अलार्म लावू नका, थेंब आधी डायपर शोषून घेतो. आणि दोन आठवड्यांत सोडू नका. यशाची पहिली खूण कोरडी रात्र नसते: डाग लहान होतो, डबी पहाटेकडे सरकते, मूल आवाजाने स्वतः उठतं. चार आठवड्यांत यातलं एकही दिसलं नाही तर डॉक्टरांशी बोला.

सलग १४ रात्री कोरड्या झाल्या की अलार्म काढता येतो.

गोळी

डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचंच बनवलेलं रूप. ज्यांना रात्री लघवी जास्त बनते त्यांना जास्त उपयोगी. सुरुवात सहसा ०.२ मिलीग्रॅमच्या एका गोळीने, झोपताना. गरज पडली तर डॉक्टर ०.४ पर्यंत नेतात. परिणाम लवकर दिसतो आणि गोळी थांबवली की बऱ्याचदा त्रास परत येतो. सहल, शिबिर, वसतिगृहातले पहिले आठवडे यासाठी म्हणून ती सोयीची. मात्र नवीन ठिकाणी पहिल्यांदाच देऊ नका, घरी आठवडाभर आधी करून बघा.

यात एक नियम मोडायचा नाही. गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी फक्त घोट-दोन घोट. गोळी लघवी अडवते, वर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं: डोकेदुखी, उलटी, गुंगी, आणि मग झटके. जुलाब, उलट्या, ताप असलेल्या दिवशी गोळी द्यायची नाही. या त्रासासाठी याच औषधाचा नाकात मारायचा फवारा वापरू नये, त्यात हा धोका जास्त. दर तीन महिन्यांनी आठवडाभर थांबवून बघतात की अजून गरज आहे का.

याच त्रासासाठी दिलेल्या इमिप्रामिन या जुन्या औषधाची चिठ्ठी कुणाच्या घरी असेल तर ती स्वतःहून पुन्हा वापरू नका. चुकून जास्त गेली तर ती हृदयाला घातक आहे, लहान भावंडं असलेल्या घरात तर विशेष.

घरातली माणसं

तिळाचा लाडू, खजूर, अक्रोड हे चांगलं खाणं आहे, द्या. पण त्याने अंथरूण कोरडं झालं असं वाटतं तेव्हा ती बहुतेक दर वर्षी आपोआप कोरडी होणाऱ्या त्या १५ टक्क्यांतली मुलं असतात. पोटावर डागणं, उपाशी ठेवणं, ओली चादर गल्लीतल्या मुलांना दाखवणं, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवलं तरी ठाम नाही म्हणा.

बक्षीस द्यायचं तर हातातल्या गोष्टीचं. बाटली संपवली, न सांगता शूला गेला, डबी स्वतः बंद केली, सकाळी चादर बादलीत टाकली, की वहीत एक तारा. कोरड्या रात्रीला तारा देऊ नका, कारण ती त्याच्या हातात नाही. मग ओल्या सकाळी त्याला तारा गमावल्यासारखं वाटतं. चादर उचलायला लावणं ही शिक्षा होता कामा नये. ‘अरे, झालं ना ओलं? चल, तू चादर धर, मी शीट काढते,’ एवढंच बोलायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. भावाबहिणीला बजावून ठेवा की चिडवायचं नाही, आणि पाहुण्यांसमोर हा विषयच नको.

मे महिन्यात गावी जाताना पिशवीत एक रबरी शीट, तीन सुती घड्या, गडद रंगाचा अर्ध्या पँटचा जोड आणि झिपची प्लॅस्टिकची पिशवी. मामीला आधीच फोनवर सांगून ठेवा. मुलाला माहीत असू दे की तिला माहीत आहे, म्हणजे ते पहाटे चादर लपवत बसणार नाही.

कोरडं झाल्यावर पुढच्या काही महिन्यांत दोन आठवड्यांत दोनपेक्षा जास्त ओल्या रात्री झाल्या तर ती उलटी फिरलेली गाडी समजा. आधी शी आणि पाण्याची बाटली तपासा, कारण तेच पहिल्यांदा ढिलं पडलेलं असतं, आणि मग अलार्म पुन्हा सुरू करा. दुसऱ्या फेरीला तो बऱ्याचदा लवकर लागू पडतो. म्हणून पहिल्या कोरड्या महिन्यात खुशीने तो कुणाला देऊन टाकू नका. बॅटरी काढून, संवेदक पुसून, वर्षभर कपाटात राहू दे.